शेजारणीचा मुलगा

नव्वदीला टेकलेला एक म्हातारा घरातल्या सगळ्यांना गोळा करतो आणि म्हणतो, दारासमोरचे हे दोन डोंगर आपण खणून काढू. डोंगर काही टेकाडे नव्हेत. एक ताइहांग, दुसरा वांगवू. त्यांचा पसारा सातशे ली असल्याचे गोष्टीत सांगितले आहे, आणि एक ली म्हणजे साधारण अर्धा किलोमीटर. कुठेही जायचे तर या डोंगरांना वळसा घालावा लागे, त्याला म्हातारा विटलेला. मुले-नातवंडे लगेच तयार होतात. बायको मात्र विचारते, "एखादी टेकडी उकरण्याएवढे बळ तुमच्या अंगात उरलेले नाही, या डोंगरांचे काय घेऊन बसलात? आणि निघालेली माती टाकणार कुठे?" घर चालवणाऱ्या बाईने विचारावा असाच हा प्रश्न आहे. माती बोहाई समुद्राच्या काठी नेऊन टाकायची असे ठरते. दगड फोडायचे, टोपल्या भरायच्या आणि चालू लागायचे. एक खेप जाऊन येईपर्यंत थंडी सरून उन्हाळा येतो.

आणि मग गोष्टीत एक मुलगा येतो. शेजारच्या विधवेचा, दुधाचे दात नुकते पडू लागलेला. तो उड्या मारत येतो आणि कामाला लागतो. त्याला कुणी बोलावलेले नाही. त्याच्या घरासमोरून डोंगर हटला तर त्याला काय मिळणार, हेही गोष्ट सांगत नाही.

पुढचा भाग बऱ्याच जणांनी ऐकलेला असेल. नदीच्या वळणावर राहणारा एक 'शहाणा म्हातारा' हसतो. म्हणतो, तुझ्या उरल्यासुरल्या आयुष्यात डोंगरावरचे गवताचे पाते हलायचे नाही. खणणारा उत्तर देतो, मी मरेन, पण मुलगा आहे. मुलाला मुलगे होतील, त्यांना नातू होतील. वंश संपणार नाही आणि डोंगर तर वाढणार नाही. या उत्तराच्या आधी तो आणखी एक वाक्य बोलतो आणि ते सहसा गाळले जाते. शहाण्याला तो सुनावतो, की तुझी बुद्धी इतकी घट्ट बसली आहे, की त्या विधवेच्या पोराएवढीही समज तुला नाही. शेवटी हातात साप धरणारा एक देव घाबरतो, कारण हा माणूस थांबणार नाही हे त्याला कळते. तो स्वर्गाच्या सम्राटाकडे जातो, सम्राट म्हाताऱ्याच्या मनापासूनच्या कष्टांनी हेलावतो आणि दोन बलदंड भावांकरवी डोंगर उचलून दुसरीकडे ठेवतो.

'लिएझी' या ताओ परंपरेतल्या जुन्या ग्रंथात ही कथा आहे. चिनी माणूस बोलताना ती सगळी सांगत बसत नाही. तो चार अक्षरे उच्चारतो: 'यू गोंग यी शान', खुळ्या आजोबांनी डोंगर हलवला. अशा बांधीव शब्दसमूहाला 'छंग्यू' म्हणतात. बहुतेक छंग्यू चार अक्षरांचे असतात आणि पुष्कळांच्या पोटात एक संपूर्ण गोष्ट मिटून ठेवलेली असते. ऐकणाऱ्याला ती ठाऊक आहे हे बोलणारा गृहीत धरतो. आपण 'द्रौपदीची थाळी' म्हणतो आणि पुढे काही सांगत नाही, तसेच. फरक एवढाच, की चिनी भाषेत असे हजारो आहेत, शाळेत ते पाठ करून घेतात आणि सरकारी भाषणापासून भाजीवालीशी चाललेल्या घासाघिशीपर्यंत ते सगळीकडे वापरले जातात.

या प्रकरणात मला मुख्यतः त्या मुलाविषयी लिहायचे आहे. पण त्याच्यापर्यंत जायला आधी काही राजे आणि सेनापती ओलांडावे लागतात.

इच्छाशक्तीसाठी चिनी भाषेत जुना, भारदस्त शब्द आहे 'जृ'. आज हे अक्षर लिहिताना खाली हृदय आणि वर 'विद्वान' या अर्थाचे चिन्ह काढतात. पण प्राचीन लिपीत वरचे चिन्ह 'जाणे' या अर्थाचे होते. हृदय जिकडे जायला निघाले आहे ते 'जृ', असे जुने भाष्यकार सांगत. मराठीतल्या 'जिद्द' शब्दाशी हे ताडून पाहण्यासारखे आहे. जिद्द अरबीतून आली आणि तिथे तिच्या मुळाशी 'विरोध' आहे. जिद्दीला समोर कुणीतरी लागते. 'जृ'ला फक्त दिशा लागते.

'जृ'वरची सर्वांत प्रसिद्ध म्हण आपल्या 'इच्छा तेथे मार्ग'च्या जवळ जाणारी आहे: 'यौ जृ झे शृ जिंग छंग', ज्याच्यापाशी जृ आहे त्याचे काम शेवटी होतेच. हे उद्गार एका सम्राटाचे आहेत. पूर्व हान घराण्याचा संस्थापक ग्वांगवू याने इ.स. २९च्या सुमारास आपल्या गंग यान या तरुण सेनापतीला ते ऐकवले. शांदोंगच्या लढाईत गंग यानच्या मांडीत बाण घुसला, त्याने तलवारीने बाणाचा दांडा छाटला आणि तो लढत राहिला. पण सम्राटाला त्या बाणापेक्षा दुसरीच गोष्ट आठवत होती. काही वर्षांपूर्वी गंग यानने एवढा मोठा बेत त्याच्यासमोर मांडला होता, की तो पार पडेल असे त्याला स्वतःला वाटले नव्हते. 'शेवटी' या अर्थाचा 'जिंग' हा शब्द त्या म्हणीत आहे तो यासाठी. चिनी म्हणीत इच्छेबरोबर मार्ग लगेच येत नाही. मध्ये वर्षे जातात.

वर्षे जाणे म्हणजे काय हे राजा गौजिएनच्या गोष्टीतून कळते. इ.स.पू. ४९४मध्ये यूए राज्याचा हा राजा वू राज्याच्या फूछाईकडून हरला. आजच्या शाओशिंगजवळ क्वाइजी डोंगरावर तो वेढला गेला, शरण गेला आणि वूच्या दरबारी चाकर म्हणून राहिला. परत आल्यावर त्याने बसायच्या जागी एक पित्ताशय टांगले. जेवताना ते चाटायचे आणि स्वतःला विचारायचे, क्वाइजीची अप्रतिष्ठा विसरलास का? राजाने स्वतः शेत नांगरले, राणीने कापड विणले. इ.स.पू. ४७३मध्ये वू राज्य संपले आणि फूछाईने आत्महत्या केली. 'वो शिन छांग दान', म्हणजे सरपणावर निजून पित्त चाखणे, हा छंग्यू तिथून आला. त्यातले पित्त जुन्या इतिहासात आहे. सरपणाचे अंथरूण हजाराहून अधिक वर्षांनी, सोंग काळात, कुणाच्या तरी लेखणीतून आले आणि चिकटले. गौजिएनची तलवार मात्र खरी आहे. १९६५ साली हूबेइ प्रांतातल्या एका थडग्यात ती सापडली. काशाची, जेमतेम ५५ सेंटिमीटर लांबीची, मुठीजवळ त्याचे नाव कोरलेली. अडीच हजार वर्षांनंतर तिची धार कायम होती. वूहानच्या संग्रहालयात ती ठेवली आहे.

परीक्षेला बसणाऱ्या मुलांना आईबाप गौजिएनचे उदाहरण देतात. त्याच गोष्टीचा उत्तरार्ध मात्र फारसा सांगत नाहीत. विजयानंतर त्याचा मंत्री फान ली राज्य सोडून निघून गेला आणि वन झोंग या दुसऱ्या मंत्र्याला त्याने पत्र लिहिले, की या राजासोबत दुःख भोगता येते, सुख नाही. वन झोंग राहिला. गौजिएनने त्याच्याकडे तलवार धाडली आणि स्वतःला संपवायला सांगितले. एका माणसाची इच्छाशक्ती पोलादासारखी असते तेव्हा तिच्या आसपास उभ्या असलेल्यांचे काय होते, हा प्रश्न मला इथे पहिल्यांदा पडला आणि नंतर तो सुटला नाही.

सेनापती श्यांग यू याच्या गोष्टीत तो अधिक टोकदार होतो. इ.स.पू. २०७मध्ये जूलूच्या लढाईला निघताना त्याने सैन्य नदीपार नेले, होड्या बुडवल्या, स्वयंपाकाची भांडी फोडली, राहुट्या जाळल्या आणि तीन दिवसांची शिदोरी तेवढी ठेवली. 'पो फू छन जौ', कढया फोडा, होड्या बुडवा. मराठी वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही. १६७०च्या फेब्रुवारीत कोंढाण्यावर तानाजी पडल्यावर सूर्याजीने दोर कापल्याचे आपण लहानपणापासून ऐकतो, आणि 'परतीचे दोर कापणे' हा वाक्प्रचार अजून रोज वापरतो. दोन्हीकडे लढाई जिंकली गेली. दोन्हीकडे दोर आणि होड्या एकाने नाहीशा केल्या आणि त्यांची गरज बाकीच्यांना होती. सिंहगडावरचे मावळे आपण होऊन चढले होते, असे आपण धरून चालतो. श्यांग यूच्या शिपायांना कुणी विचारले होते का, ते इतिहासात नाही.

गौजिएन आणि श्यांग यू यांच्या या गोष्टी सिमा छिएनच्या इतिहासग्रंथात आहेत. तो स्वतः या विषयातला अधिकारी माणूस होता. पराभूत सेनापतीची बाजू घेतल्याबद्दल सम्राट वूने त्याला शिक्षा दिली, आणि मरणाऐवजी त्याने खच्ची होणे पत्करले, कारण ग्रंथ अपुरा होता. त्या काळी मानी माणसाने मरणच निवडावे अशी रीत होती. त्याने लाज पत्करली आणि पुस्तक पुरे केले.

चिकाटीची म्हणून जी म्हण सगळ्यांत सौम्य वाटते तिच्यामागेही एक तलवार आहे. 'शंग जू मू दुआन, श्वेइ दी शृ छुआन': दोर लाकूड कापतो, थेंब दगड भेदतो. आपल्या 'थेंबे थेंबे तळे साचे'ची बहीण म्हणावी अशी. दहाव्या-अकराव्या शतकात जांग योंग नावाचा अधिकारी छोंगयांग इथे न्याय करीत असे. खजिन्यातून बाहेर पडणाऱ्या कारकुनाच्या डोक्याच्या फडक्यात त्याला एक नाणे दिसले. फटक्यांची शिक्षा फर्मावली तेव्हा कारकून उसळला: एका नाण्याचे ते काय? मारू शकता, माझे डोके थोडेच उडवणार! जांग योंगने निवाडा लिहिला. त्याचा मतलब असा, की दिवसाला एक नाणे तर हजार दिवसांत हजार नाणी. आणि पुढे दोराचा नि थेंबाचा दाखला. मग स्वतः तलवार काढून त्याने त्याचे डोके उडवले. थेंबाने दगड झिजतो ही उपमा त्याहून कितीतरी जुनी, हान काळातलीही आहे. पण आज म्हण ज्या रूपात फिरते ते रूप एका मृत्युदंडातून आले. शाळेच्या भिंतीवर ती लिहिणाऱ्यांना हे माहीत असेलच असे नाही.

आता दुसरा शब्द. 'युआन'. राजी असणे, मनात असणे, आपखुशी. महायान ग्रंथांचे चिनी भाषांतर झाले तेव्हा बोधिसत्त्वाच्या 'प्रणिधाना'साठी, म्हणजे सर्वांच्या मुक्तीसाठी केलेल्या संकल्पासाठी, हाच शब्द निवडला गेला. 'शिन गान छिंग युआन' या छंग्यूत तो शेवटी येतो. त्यातल्या 'गान'चा अर्थ गोड. मन गोड मानून राजी. मराठीत आपण 'गोड मानून घे' म्हणतो तेव्हा त्यात थोडी तडजोड असते. चिनी शब्दात ती नाही. कष्ट कडूच आहेत, पण मनाला ते गोड लागतात.

'जृ'च्या म्हणी दरबारातून आल्या. 'युआन'च्या बऱ्याच म्हणी बाजारातून, पारावरून, तमाशासारख्या खेळांतून आल्या, आणि मला त्या अधिक शहाण्या वाटतात. 'जबरीने पिळून तोडलेले खरबूज गोड नसते.' पिकलेले खरबूज देठापासून आपोआप सुटते; पिळावे लागले तर ते कच्चे. मुलीला मनाविरुद्ध उजवायला निघालेल्या बापाला चिनी आजी हेच ऐकवते. 'गाय पाणी पीत नाही म्हणून तिचे डोके पाण्यात दाबू नये.' आपल्याकडे 'मारून मुटकून वैद्यबुवा' आहेच.

एका म्हणीत तर जोडीने दोन माणसे येतात. जौ यूने ह्वांग गाइला बदडले. एकाला मारायचे होते, दुसऱ्याला मार खायचा होता. संदर्भ २०८ सालच्या छृबीच्या लढाईचा. 'तीन राज्यांची कथा' या कादंबरीत सेनापती जौ यू आपल्याच वृद्ध सरदाराला सर्वांदेखत फटके मारवतो, म्हणजे तो फितूर झाला यावर शत्रूचा विश्वास बसावा. ह्वांग गाइने हे स्वतः मागून घेतलेले असते. इतिहासात त्याच्या खोट्या शरणागतीची नोंद आहे, फटके कादंबरीतले. आज दुकानात कुणी चढ्या भावाने वस्तू घेतली आणि दुसरा चुकचुकला, तर तिसरा म्हणतो: जौ यू नि ह्वांग गाइचा मामला आहे. दोघे राजी, मग आपण काजी कशाला व्हावे?

ज्यांग ताइगोंगची गोष्ट याहून शांत आहे. वेइ नदीकाठी तो म्हातारा सरळ गळ टाकून बसे, आमिषाशिवाय, आणि लोककथा म्हणते की गळ पाण्यापासून वर अधांतरी लटकलेला असे. ज्याला अडकायचे आहे त्याने यावे. आला तो जौ राज्याचा राजा वन, ज्याला मंत्री हवा होता.

आणि माओ स्वेइ. याच्याबद्दल जरा थांबून सांगितले पाहिजे, कारण आपण होऊन पुढे येणारा माणूस चिनी भाषेत याच्याच नावाने ओळखला जातो. इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या मध्याला छिन राज्याच्या फौजांनी जाओची राजधानी हानदान वेढली होती. जाओचा पिंगयुआन हा राजपुत्र छू राज्याकडे मदत मागायला निघाला. त्याला बरोबर वीस माणसे हवी होती. पदरच्या हजारो आश्रितांतून एकोणीस निवडली आणि विसावा सापडेना. माओ स्वेइ उठला आणि म्हणाला, मला घ्या. राजपुत्राने विचारले, किती वर्षे आहेस इथे? तीन. मग तुझे नाव कधी कानावर कसे आले नाही? लायक माणूस पिशवीतल्या आरीसारखा असतो, टोक लगेच बाहेर येते. माओ स्वेइ म्हणाला, मला पिशवीत टाका असे मी आज सांगतो आहे. आधी टाकले असते तर टोकच काय, मूठही बाहेर आली असती. एकोणीस जण एकमेकांकडे पाहून हसले. छूच्या दरबारात सकाळपासून दुपारपर्यंत बोलणी अडून राहिली तेव्हा हाच माणूस तलवारीच्या मुठीवर हात ठेवून पायऱ्या चढला आणि त्याने राजाला करार करायला लावला. 'माओ स्वेइ जृ जिएन', माओ स्वेइने स्वतःचे नाव सुचवले. एवढ्या शिष्टाचारी संस्कृतीत स्वतःचे नाव पुढे करणे संकोचाचे असते, म्हणून आजही माणूस सभेत हात वर करताना या पूर्वजाचा आडोसा घेतो.

कुणाच्या 'जृ'ला हात लावता येत नाही, हे कन्फ्यूशियसनेही सांगून ठेवले आहे. मोठ्या सैन्याचा सेनापती हिरावून घेता येतो, पण साध्या माणसाची इच्छा हिरावता येत नाही, असा त्या वचनाचा आशय. १९७४ साली चीनमध्ये कन्फ्यूशियसविरोधी मोहीम चालू असताना ल्यांग शूमिंग या ऐंशी वर्षांच्या तत्त्वज्ञाने त्याची निंदा करायला नकार दिला. महिनोन्‌महिने सभा घेऊन त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. शेवटी, या सगळ्यावर तुम्हाला काय वाटते, असे विचारले गेले. त्यांनी उत्तरादाखल तेच वचन म्हटले. वृद्ध माणसाने भर सभेत उच्चारलेले ते वचन मला गौजिएनच्या तलवारीपेक्षा धारदार वाटते.

आता पुन्हा डोंगरांकडे. ११ जून १९४५ रोजी येनानमध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या सातव्या अधिवेशनाच्या समारोपात माओ त्सेतुंगने खुळ्या आजोबांची गोष्ट सांगितली. दोन डोंगर म्हणजे साम्राज्यवाद आणि सरंजामशाही. आणि ज्या देवाला पाझर फुटायचा तो देव म्हणजे चिनी जनता. रूपक प्रभावी होते. पुढे सांस्कृतिक क्रांतीच्या काळात हे भाषण कोट्यवधी लोकांनी मुखोद्गत केले. त्या भाषणातली गोष्ट मूळ कथेशेजारी ठेवून वाचली तर दोन माणसे गळालेली दिसतात. माती कुठे टाकणार असे विचारणारी बायको नाही. आणि शेजारणीचा मुलगा नाही. म्हातारा आपल्या मुलांना घेऊन खणतो, शहाणा हसतो, देव प्रसन्न होतो. लोकांनी 'गोड मानून, राजीखुशीने' आपल्याबरोबर यायला हवे, असे त्याच भाषणात म्हटले आहे, अगदी 'गान' आणि 'युआन' हे शब्द वापरून. शब्द राहिला, मुलगा गेला.

१९५८च्या 'मोठ्या झेपे'त परसदारी भट्ट्या पेटल्या, घरातल्या लोखंडी कढया वितळवायला नेल्या. या वेळी कढया फोडल्या त्या शिपायांच्या नव्हे, शेतकऱ्यांच्या. निश्चयाने आकाशावरही मात करता येते अशी घोषणा होती. पुढच्या तीन वर्षांच्या दुष्काळात कोट्यवधी माणसे मेली. बायकोचा प्रश्न कुणी विचारला नाही, किंवा विचारणाऱ्याचे ऐकले गेले नाही.

त्याच दुष्काळात, फेब्रुवारी १९६०मध्ये, हनान प्रांतातल्या लिनशिएन तालुक्याने खरोखरच ताइहांग डोंगर फोडायला घेतला. तालुका पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावाचून तडफडत होता. हातोडी, छिन्नी, टोपल्या आणि कड्यावरून दोराला लोंबकळणारी माणसे एवढ्या बळावर शेजारच्या प्रांतातून जांग नदीचे पाणी आणणारा ७० किलोमीटरचा मुख्य कालवा त्यांनी कोरला. १९६९ साली सगळे काम पुरे झाले. ८१ जणांचा जीव गेला. 'लाल निशाण कालवा' आजही वाहतो. यातला किती घाम हुकमाचा आणि किती आपखुशीचा, याची वाटणी बाहेरून कुणाला करता येणार नाही. पण तहानलेल्या गावाला पाणी हवे होते, हे खरे होते, आणि भट्ट्यांच्या बाबतीत तसे काही नव्हते. या दोन उदाहरणांतला फरक मला तिथे दिसतो.

खुळ्या आजोबांच्या गोष्टीचे सर्वांत प्रसिद्ध चित्र भारतात रंगले. चित्रकार शू बेइहोंग रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून शांतिनिकेतनात आले होते आणि १९४०मध्ये इथेच त्यांनी ते काढले. चीन तेव्हा जपानी आक्रमणाखाली होता. कुदळी उगारलेल्या धिप्पाड पुरुषांसाठी त्यांनी भारतीय माणसे समोर उभी केली, म्हणून चिनी डोंगर खणणारे काही चेहरे आपल्याकडचे आहेत.

त्याच वर्षांत ताइहांगच्या पायथ्याशी खराखुरा एक मराठी माणूस होता. काँग्रेसच्या आवाहनाला प्रतिसाद देऊन १ सप्टेंबर १९३८ रोजी पाच डॉक्टर मुंबईहून चीनकडे निघाले. त्यांत नागपूरचे चोळकर होते आणि सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस, वय सत्तावीस. बाकीचे चौघे काम करून परतले. कोटणीस राहिले, चिनी शिकले, हबेइच्या डोंगराळ मुलखात कॅनडियन डॉक्टर बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, तिथेच त्यांनी लग्न केले. ९ डिसेंबर १९४२ रोजी तांग तालुक्यातल्या गगोंग गावात त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा मुलगा काही महिन्यांचा होता. त्याचे नाव 'यिनह्वा', म्हणजे भारत-चीन. डॉक्टरांची समाधी शिजियाझ्वांगच्या हुतात्मा स्मशानभूमीत आहे, आणि शहराच्या पश्चिमेला ताइहांगची रांग अजून उभी आहे.